फळमाशीचा सापळा : पुसा ते परभणी

कीटकशास्त्रात स्वदेशी व आक्रमक असा जो किडींचा भेद केला जातो, तो किडीच्या स्वभावावर नव्हे, तर स्थळावर अवलंबून असतो. पौर्वात्य फळमाशी (बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस) हे याचे बोलके उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हवाई बेटांत ती आक्रमक म्हणून शिरली. परभणीच्या परसांतील पेरूला व आंब्याला मात्र ती परकी नव्हे.

तिचा माग काढण्याच्या साधनाचे मूळ भारतातच आहे. बिहारमधील पुसा येथे एफ. एम. हौलेट यांनी सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर ओढले जातात, असे १९१२ साली नोंदविले. १९१५ साली त्यांनी मिथिल युजेनॉल या द्रव्याच्या ठायी असलेले हे आकर्षण दाखविले. स्टायनर यांनी १९५२ साली हवाईत त्याची उपयुक्तता पुढे आणली. पुढे पॅसिफिकमधील रोटा बेटावर हे द्रव्य व कीटकनाशक यांत भिजविलेले तुकडे विमानातून टाकण्यात आले, आणि नरांच्या संहाराने माशीचे निर्मूलन झाल्याचा वृत्तान्त १९६५ साली प्रसिद्ध झाला.

या यशाचे श्रेय केवळ द्रव्यास देणे योग्य होणार नाही. रोटा हे समुद्राने वेढलेले लहान बेट होते. बाहेरून नवे नर सहजी येत नव्हते. शिवाय एक नर अनेक माद्यांशी संयोग करू शकतो. म्हणून थोडे नर उरले तरी प्रजनन चालूच राहते. कॅलिफोर्नियातील रेडलँड्स शहरात २०२४ साली सुमारे २,००० घरांच्या आवारांतील फळे काढून टाकावी लागली, याचे कारणही उघड आहे : माशी सापळ्यात दिसली, तरी फळातील अळीपर्यंत सापळा पोहोचत नाही.

परभणीस समुद्राचे कुंपण नाही. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळाही महाराष्ट्रात परिचित आहे. तथापि एकाने सापळा टांगावा आणि शेजाऱ्याच्या झाडाखाली किडलेले पेरू तसेच पडून राहावेत, तर त्या पेरूंतील अळ्या मातीत शिरून कोष करतात व नव्या माश्या पुन्हा सर्व आळीत पसरतात. म्हणून येथे निर्मूलनाची भाषा व्यर्थ होय. सापळ्याने माशीची चाहूल घ्यावी, आणि गळलेली फळे साऱ्या वस्तीने मिळून रोज वेचून नष्ट करावीत, हाच या इतिहासाचा परभणीपुरता निष्कर्ष आहे.