निश्चेष्ट यंत्रातील दप्तर : संगणकीय फाइलींच्या उद्धाराचा इतिहास

कागदपत्रांचा नाश दोन प्रकारचा असतो, ही गोष्ट दप्तरखान्यात काम केलेल्या प्रत्येक संशोधकास ठाऊक असते. एका प्रकारात कागद जळतो, भिजतो किंवा वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतो. दुसऱ्या प्रकारात कागद रुमालात सुखरूप असतो. परंतु कोणता कागद कोणत्या रुमालात आहे हे सांगणारी यादी नाहीशी झालेली असते. पहिला नाश अंतिम होय. दुसऱ्याचे परिमार्जन श्रमाने होऊ शकते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जगातील लेखनव्यवहार जसजसा संगणकाकडे गेला, तसतसा हा भेद एका नव्या रूपाने पुढे आला. सकाळी कळ दाबली असता संगणक सुरू होत नाही, पडद्यावर एखादी त्रोटक सूचना उमटते किंवा काहीच उमटत नाही, आणि वर्षानुवर्षांचे लेखन गेले अशी धारकाची समजूत होते. ही समजूत बहुधा चुकीची असते. ती का चुकीची असते आणि केव्हा खरी ठरते, याचा विचार इतिहासक्रमाने करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१. आरंभाची साखळी

आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. हार्ड डिस्कची जोड असलेले त्याचे पुढील रूप १९८३ च्या मार्च महिन्यात बाजारात आले. त्या वेळी निश्चित झालेली आरंभाची पद्धत पुढे दीर्घकाळ टिकली. संगणकास विद्युत्प्रवाह मिळताच मुख्य पटावरील एका चिपमध्ये असलेला बायॉस हा मूलकार्यक्रम जागा होतो. तो डिस्कवरील अगदी पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर केवळ ५१२ बाइटांचा असतो. त्यात ४४६ बाइटांचा एक लहानसा कार्यक्रम, डिस्कच्या चार विभागांची नोंद करणारा तक्ता आणि शेवटी दोन बाइटांची खूण असते. हा लहान कार्यक्रम विभागाचा पहिला सेक्टर वाचतो, तो सेक्टर मोठ्या कार्यप्रणालीस हाक देतो आणि मग यंत्र कामास सिद्ध होते.

ही साखळी असल्यामुळे तिची एक कडी तुटली तरी संगणक निश्चेष्ट होतो. परंतु धारकाच्या फाइली या साखळीत कोठेच नसतात. त्या डिस्कच्या विस्तीर्ण क्षेत्रात निराळ्या पडून असतात. दरवाजाचे कुलूप बिघडले म्हणून घरातील धान्य नासत नाही, तसाच हा प्रकार होय.

फाइलींचा ठावठिकाणा सांगणारी सूची मात्र डिस्कवरच असते. त्या काळच्या डॉस प्रणालीत तिचे दोन भाग होते. एका भागात फाइलीचे नाव, आकार आणि आरंभस्थान यांची नोंद असे. दुसऱ्या भागात, ज्यास फॅट म्हणत, एका खंडानंतर पुढचा खंड कोणता हे साखळीरूपाने लिहिलेले असे. फाइल पुसण्याची आज्ञा दिली असता प्रणाली मजकूर पुसत नसे. ती नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ ही संख्या लिही आणि फॅटमधील साखळी मोकळी करी. बाकीचे नाव, आकार आणि आरंभस्थान तसेच राही. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपकरणसंचात याच गोष्टीचा उपयोग केलेला होता. त्यांचा कार्यक्रम धारकास नावाचे हरवलेले पहिले अक्षर विचारी आणि उरलेल्या नोंदीवरून फाइल पुन्हा उभी करी. मजकूर आणि सूची या दोन भिन्न वस्तू आहेत, हे तत्त्व यामुळे सामान्य धारकाच्या प्रत्ययास आले.

२. २६ एप्रिल १९९९

या तत्त्वाची सर्वांत मोठी परीक्षा सीआयएच नावाच्या व्हायरसने घेतली. तैवानमधील तातुंग येथील छेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने तो १९९८ मध्ये लिहिला. त्याच्या नावाची आद्याक्षरे हेच व्हायरसचे नाव झाले. त्याचा आकार सुमारे एक किलोबाइट होता. कार्यक्रमांच्या फाइलींत ज्या रिकाम्या जागा असत त्यांत तो स्वतःचे तुकडे करून बसे; त्यामुळे फाइलीचा आकार वाढत नसे आणि संशयही येत नसे. विंडोज ९५ व विंडोज ९८ या प्रणालींवर तो पसरला. त्याच्या मुख्य प्रकारास २६ एप्रिल ही तारीख नेमून दिलेली होती. चेर्नोबिल येथील १९८६ चा अपघात त्याच तारखेचा असल्याने त्यास चेर्नोबिल हे दुसरे नाव मिळाले.

१९९९ च्या त्या दिवशी दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि आशियातील इतर देशांत, भारतातही, असंख्य संगणक बंद पडले. व्हायरसची कृती दुहेरी होती. डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून १०२४ किलोबाइटांपर्यंतच्या जागेवर तो शून्ये लिही. त्याखेरीज काही विशिष्ट मुख्य पटांवरील बायॉसची चिपही तो बिघडवी. दुसऱ्या प्रकारचा आघात झालेल्या यंत्राचा पडदा उजळतच नसे, आणि चिप बदलल्याविना वा पुन्हा लिहिल्याविना ते यंत्र निरुपयोगी होई. दिसावयास हा आघात अधिक भयंकर होता. वस्तुतः फाइलींच्या दृष्टीने तो गौण होता, कारण डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडता येत असे. खरा प्रश्न पहिल्या १०२४ किलोबाइटांचा होता.

येथे एक लक्षणीय विरोध दिसतो. जुन्या फॅट १६ पद्धतीत फॅटच्या दोन प्रती लागोपाठ ठेवलेल्या असत आणि प्रत्येक प्रत फार तर १२८ किलोबाइटांची असे. मुख्य सूचीही त्यांच्याच पाठोपाठ असे. अर्थात पहिल्या विभागातील दोन्ही प्रती आणि मुख्य सूची ही सर्व शून्यांखाली गाडली गेली. १९९६ मध्ये आलेल्या फॅट ३२ पद्धतीत मात्र चार गिगाबाइटांच्या डिस्कवर फॅटची एक प्रत सुमारे चार मेगाबाइटांची होई. शून्ये पहिल्या प्रतीच्या आरंभीच्या भागापर्यंतच पोहोचली. दुसरी प्रत आणि तिच्या पलीकडील मुख्य सूची अबाधित राहिली. दुसऱ्या प्रतीवरून पहिली उतरवून घेणे आणि आरंभीचे सेक्टर गणिताने पुन्हा रचणे एवढ्याने संपूर्ण डिस्क पूर्ववत होऊ शकत होती. हे काम करणारे कार्यक्रम लवकरच तयार झाले. अमेरिकेतील स्टीव्ह गिब्सन यांनी आपला कार्यक्रम विनामूल्य दिला. फॅट १६ च्या धारकांना मात्र डिस्कच्या अंतर्भागात उरलेल्या उपसूच्यांचा माग काढीत, एकसंध राहिलेल्या फाइली एकेक करून वेचाव्या लागल्या.

फॅट ३२ च्या रचनेतच आणखी एक धडा दडलेला आहे. विभागाच्या पहिल्या सेक्टरची एक राखीव प्रत तीत ठेवलेली असते. परंतु तिची जागा मूळ सेक्टरापासून अवघे सहा सेक्टर दूर असते. ती प्रत मूळाबरोबरच नष्ट झाली. चार मेगाबाइट दूर असलेली फॅटची प्रत वाचली. प्रत करणे पुरेसे नसून ती मूळापासून दूर ठेवणे आवश्यक असते, हे दप्तरखान्यांना जुन्या काळापासून अवगत असलेले सत्य येथे सेक्टरांच्या मापाने सिद्ध झाले.

३. बाहेरून प्रवेश

डिस्कवरील प्रणाली मृत असेल तर दुसऱ्या प्रणालीच्या साहाय्याने आत जावे, हा मार्ग पूर्वी फ्लॉपीपुरताच उपलब्ध होता आणि तिच्या अल्प क्षमतेमुळे तो संकुचितही होता. सीडीवरून संगणक सुरू करण्याचा संकेत १९९५ मध्ये ठरला. जर्मनीतील क्लाउस क्नोपर यांनी २००० मध्ये क्नॉपिक्स ही लिनक्स प्रणाली सीडीवर उपलब्ध केली. ती डिस्कला स्पर्श न करता केवळ स्मृतीच्या बळावर चाले. बंद पडलेल्या संगणकात अशी सीडी घालावी, आतील फाइली पाहाव्यात आणि बाहेरच्या साधनावर उतरवून घ्याव्यात, ही रीत त्यानंतर सर्वत्र रूढ झाली. पुढे सीडीची जागा यूएसबी साधनाने घेतली.

या कालखंडात उद्धाराचे शास्त्रही शिस्तबद्ध झाले. त्याचा पहिला नियम असा की, मूळ डिस्कवर काहीही लिहू नये. बंद पडलेल्या संगणकावर नवी प्रणाली बसविण्याची घाई ही सर्वांत घातक, कारण नवे लेखन नेमके जुन्या मजकुरावर पडते. दुसरा नियम असा की, डिस्क जर्जर असेल तर प्रथम तिची सेक्टरागणिक प्रतिकृती करावी. सुस्थितीतील भाग आधी उतरवावा आणि बिघडलेल्या जागांकडे शेवटी वळावे. सूची पूर्णतः नष्ट झाली असेल तर तिसरा उपाय उरतो. पीडीएफ लेखाच्या प्रारंभी टक्क्याचे चिन्ह व पीडीएफ ही तीन अक्षरे असतात. जेपीईजी चित्राच्या प्रारंभीही ठरावीक बाइट असतात. अशा खुणा शोधून फाइली मजकुरावरूनच ओळखता येतात. मिती व मायना नसलेले पत्र हस्ताक्षरावरून आणि आशयावरून लावावे, तसे हे काम होय. त्यात फाइलीचे नाव आणि तारीख मिळत नाही. इतिहासाच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे.

या शास्त्राची परिसीमा कोलंबिया यानाच्या प्रसंगी दिसून आली. १ फेब्रुवारी २००३ रोजी हे यान पृथ्वीकडे परतताना भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. अवशेषांत झेनॉन वायूच्या प्रयोगाची एक डिस्क सापडली. बाहेरून ती जळालेल्या धातूच्या गोळ्यासारखी होती. क्रोल ऑनट्रॅक या अमेरिकन संस्थेतील तंत्रज्ञांनी तिच्यातील तबकड्या काढून स्वच्छ केल्या, नव्या साच्यात बसविल्या आणि सुमारे ९९ टक्के मजकूर वाचला. त्या डिस्कवर डॉस प्रणालीने मजकूर सलग लिहिलेला होता, ही गोष्ट साहाय्यक ठरली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच यानातील दुसऱ्या दोन डिस्कांतून मात्र काहीही हाती आले नाही. दोन प्रकारच्या नाशांमधील सीमारेषा येथे प्रत्यक्ष दिसते.

४. किल्लीचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत ही सीमारेषाच सरकली आहे. २००९ च्या सुमारास रूढ झालेल्या ट्रिम या आज्ञेमुळे सॉलिड स्टेट डिस्कवरील पुसलेल्या फाइलींची जागा डिस्क स्वतःच रिकामी करून टाकते. नॉर्टन यांच्या पद्धतीस तेथे वाव उरत नाही. त्याहून महत्त्वाचा बदल कूटबद्धीकरणाचा आहे. विंडोज व्हिस्टा प्रणालीबरोबर बिटलॉकर आले आणि संपूर्ण विभाग कूटलेखनात ठेवणे सुलभ झाले. अशी डिस्क बाहेरच्या प्रणालीने उघडली तर अर्थहीन बाइटच दिसतात.

याचा प्रत्यय १९ जुलै २०२४ रोजी आला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होईनासे झाले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. १९९९ च्या मानाने हा आघात क्षुल्लक होता. डिस्कवरील एक बाइटही नष्ट झाला नव्हता. सुरक्षित रीतीने यंत्र सुरू करून ती एक फाइल काढणे एवढाच उपाय होता. परंतु ज्या यंत्रांवर बिटलॉकर होते तेथे प्रथम ४८ अंकांची किल्ली हवी होती, आणि काही ठिकाणी किल्ल्यांची नोंद ज्या संगणकांत होती तेच बंद होते. १९९९ मध्ये मजकूर होता आणि सूची गेली होती. २०२४ मध्ये दोन्ही शाबूत होती, अडले ते किल्लीपाशी.

मराठी दप्तराच्या बाबतीत किल्लीचा हा प्रश्न आणखी एका अर्थाने जुना आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मराठी मजकूर बहुधा अशा फाँटांत जुळविला जाई की, ज्यांत देवनागरीच्या आकृती रोमन अक्षरांच्या सांकेतिक अंकांवर बसविलेल्या असत. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असे. इस्की हे भारतीय मानक आणि देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्ती ही दोन्ही १९९१ मधील होत. पण छापखान्यांत आणि कार्यालयांत जुने फाँट त्यानंतरही पुष्कळ काळ चालले. अशा काळातील डिस्कमधून फाइल अक्षत मिळाली तरी तो फाँट नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांची विसंगत रांग उमटते. मोडी न जाणणाऱ्यापुढे पेशवेकालीन पत्र ठेवावे, तशी ही अवस्था होय. मोडीची वर्णमाला तरी पुस्तकांत आहे. एखाद्या बंद पडलेल्या कंपनीच्या फाँटाची मांडणी जतन न झाल्यास ती मजकुरावरूनच उलगडावी लागते.

५. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, संगणक सुरू न होणे हा फाइलींच्या नाशाचा पुरावा नाही. यंत्र, सूची, मजकूर, किल्ली आणि लिपी अशी पाच अंगे येथे आहेत, आणि त्यांपैकी केवळ मजकुराचा नाशच अपरिहार्यपणे अंतिम असतो. परंतु सूचीवाचून मजकूर अनामिक होतो, लिपीवाचून मुका होतो आणि किल्लीवाचून तो असून नसल्यासारखा होतो. १९८० नंतरच्या महाराष्ट्राचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास सहकारी संस्था, वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था आणि व्यक्ती यांच्या अडगळीतील बंद संगणकांकडे आज ना उद्या वळावेच लागेल. ते यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यातील डिस्क काढून ठेवावी, तिची प्रतिकृती दुसऱ्या स्थळी ठेवावी, आणि किल्ली व फाँट यांची नोंद कागदावर करून त्या प्रतिकृतीजवळ ठेवावी. एवढी दक्षता घेतली गेल्यास पुढील संशोधकाचे निम्मे काम झाले असे समजावयास हरकत नाही.