सूत्र, ओळंबा आणि गुण्या

लाकूड तासणाऱ्या कारागिराला आपल्या पूर्वजांनी दोऱ्यावरून नाव दिले, हे सुताराला हाक मारताना कुणाच्या ध्यानीही येत नाही. 'सूत्रधार' हा शब्द प्राकृतातून झिजत झिजत 'सुतार' झाला. रंगभूमीने तेवढा तो अखंड ठेवला. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरी असलेल्या सूत्रधार मंडनाने 'राजवल्लभ' ग्रंथात सूत्रे आठ सांगितली असून, त्यांत मुंजाची दोरी आहे, कापसाची दोरी आहे, पण अग्रपूजेचा मान दृष्टीला, म्हणजे सरावलेल्या डोळ्याच्या अदमासाला आहे. त्याच यादीतला 'अवलंब' म्हणजे आपल्या गवंड्याचा ओळंबा. काटकोन पाहण्याचा गुण्या मात्र परदेशी. तो 'गुणा'चा कुणी आप्त असावा अशी माझी फार दिवस समजूत होती, परंतु तो फारसीतून आला, आणि फारसीने तो कोनवाचक ग्रीक शब्दावरून उचललेला!

ही हत्यारे चालवण्याचे शिक्षण उमेदवारीत होई. ते कसे असावे याविषयी अकराव्या शतकातील भोजाचा 'समरांगणसूत्रधार' निःसंदिग्ध आहे: शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील ही चारही स्थपतीच्या अंगी हवीत, नुसते शास्त्र जाणणारा प्रत्यक्ष कामापुढे रणात भेकड गोंधळावा तसा गोंधळतो, आणि नुसते कर्म जाणणाऱ्याला, आंधळ्याप्रमाणे, कोणीही भलतीकडे नेतो.

मुंबईत १८५७ साली निघालेल्या जे. जे. कलाशाळेत १८६५ साली वास्तुशिल्प शिकवायला लॉकवुड किपलिंग आले. पुढे १८७८ ते १८८८ या काळात उभारलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या नक्षीकामाला त्या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. तोवर कागद आणि छिन्नी एका छपराखाली नांदत होती. १८९६ साली तेथे नकाशे काढणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग सुरू झाला, त्यातूनच पुढे वास्तुविद्येचे शिक्षण वाढले, आणि माझ्या मते भोजाच्या चार गुणांची वाटणी तेव्हापासूनच झाली: शास्त्र दप्तरात गेले, कर्म परातीपाशी उरले.

त्या वाटणीची किंमत जुन्या इमारतींनी मोजली. चुन्यात बांधलेल्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की आतली ओल सांध्यांतून निघेनाशी होते, ती दगडातून वाट काढते, आणि तिच्याबरोबर आलेले क्षार दगडाचे पापुद्रे सोडवू लागतात. मग ते सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याची घाणी मांडावी लागते. आणि कळीचा चुना मुरला की नाही हे बोटांनी ओळखणारा म्हातारा गवंडी शोधायला, नकाशा काखोटीला मारून, अभियंता निघतो.