अंधपंगुन्याय आणि आरमार

लांब पल्ल्याचें अस्त्र तेंच श्रेष्ठ, हा समज आम्हांस तपासून पाहावासा वाटतो. फॉकलंड बेटांसाठीं १९८२ सालीं ब्रिटन व अर्जेंटिना यांत युद्ध झालें. ब्रिटिश नौकांवरील ‘सी डार्ट’ हें विमानविरोधी क्षेपणास्त्र उंचावरील विमान कित्येक कोसांवर गाठी. परंतु लाटांलगत येणारें विमान त्याच्या रडारास नीट दिसत नसे. अर्जेंटिनापाशींहि ‘सी डार्ट’ असल्यामुळें हें व्यंग तिला ठाऊक होतें. ‘सी वुल्फ’चा पल्ला अवघा दोन कोसांचा; पण जवळ आलेलें विमान टिपणें हेंच त्याचें काम.

एक जवळचें पाहण्यास आंधळें, दुसरें दूर जाण्यास पांगळें! म्हणून ‘सी डार्ट’ची ‘कॉव्हेंट्री’ व ‘सी वुल्फ’ची ‘ब्रॉडस्वर्ड’ यांची जोडी लावण्यांत आली. २५ मे रोजीं विमानें पाण्यालगत चालून आलीं. ‘ब्रॉडस्वर्ड’नें नेम धरला, तोंच बचावासाठीं वळलेली ‘कॉव्हेंट्री’ मध्यें आली. ‘सी वुल्फ’ सुटलेंच नाहीं. बाँब लागून ‘कॉव्हेंट्री’ बुडाली. १९ जण मृत्यु पावले.

पल्ल्याचीं कोष्टकें खोटीं नव्हतीं. परंतु आंधळ्यापांगळ्यांनीं एकाच वाटेनें चालावें लागतें, हें कोणत्याहि कोष्टकांत लिहिलेलें नसतें.