उघडे दप्तर आणि झाकलेली वही



आज आपण येथे मोकळेपणाने जमलो आहोत. ध्वनिक्षेपकासाठी संयोजकांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला असेल. पण वक्ता कोण, तो काय बोलणार, आणि ते राज्यकर्त्यांना रुचेल की नाही, हे विचारावयास कोणी आले नाही. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. परंतु शंभर वर्षांमागे नांदेडात किंवा लातुरात अशी सभा भरवणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या काळापासून आजवरचा एक धागा आपल्यापुढे उलगडावा, असा माझा विचार आहे.

मी पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि आडतीवरच्या हमालांच्या, डाळ मिलमधल्या कामगारांच्या संगतीत झाले. त्यामुळे इतिहासाकडे पाहताना मी एकच प्रश्न विचारत असतो : कोणाचे दप्तर उघडे होते आणि कोणाचे बंद?

आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. १९२१ मध्ये निजामाने फर्मान काढून राजकीय सभांवर बंधन घातले. पुढे ‘गश्ती निशान ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला हुकूम आला. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक, आणि निशान म्हणजे त्याचा क्रमांक. सभा भरवायची तर तिचा हेतू आधी कळवावा, परवानगी मागावी, आणि ती मिळेल तेव्हाच लोक जमवावेत, असा त्याचा मथितार्थ होता. खाजगी शाळा आणि आखाडे यांनाही अशाच परवानगीचे कुंपण होते. मुलांना बाराखडी शिकवायची किंवा तरुणांना लेझीम खेळवायची, तरी आधी वर विचारावयाचे!

याचा परिणाम काय झाला? संस्थानातील प्रजेला आपल्या सुखदुःखाची चर्चा करावयास संस्थानाबाहेर जावे लागले. हैदराबाद संस्थानाच्या राजकीय परिषदा भरल्या त्या १९२३ मध्ये काकीनाड्याला, १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९३१ मध्ये अकोल्याला. आपल्या घरातले भांडण शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून मिटवावे, तशी ही अवस्था होती.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. परवानगीचा कायदा एकटा कधीच चालत नाही. ज्याला परवानगी नाकारली तो घरात चार माणसे बोलावतो काय, हे पाहावे लागते. मग त्याच्या दाराशी माणूस उभा करावा लागतो. त्याच्याकडे कोण येते, त्याला कोणाची पत्रे येतात, याची नोंद ठेवावी लागते. अशा रीतीने तोंडाला घातलेल्या कुलुपाच्या पाठोपाठ घराला डोळे चिकटतात. आणि जे सरकार प्रजेची नोंद इतक्या बारकाईने ठेवते, ते स्वतःच्या कारभाराची नोंद प्रजेला दाखवत नाही. दोन्ही बाजूंनी अंधार प्रजेच्याच वाट्याला येतो.

तरीही माणसे थांबली नाहीत. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झाले, दुसरे १९३८ मध्ये लातूरला, तिसरे १९४१ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरीला. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. जन्माला न आलेल्या मुलाला हद्दपार करावे, तसा हा प्रकार! २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे प्रमुख होते गोविंदराव नानल. पाठोपाठ स्वामी रामानंद तीर्थांनी तुरुंग पत्करला. ही बंदी उठावयास १९४६ साल उजाडावे लागले.

स्वामीजींविषयी एक गोष्ट आम्हा कामगार कार्यकर्त्यांना विशेष जवळची वाटते. मराठवाड्यात शिक्षक म्हणून येण्यापूर्वी त्यांनी काही काळ कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून काम केले होते. जोशी हे १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यामागचे खटपटी गृहस्थ. संघटना बांधणे हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व स्वामीजी मुंबईच्या गिरणगावात जवळून पाहून आले होते.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या १० तारखेला संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या बाराव्या कलमात माणसाचे खाजगी जीवन, कुटुंब, घर आणि पत्रव्यवहार यांत मनमानी ढवळाढवळ होऊ नये, असे म्हटले आहे. पण त्याच महिन्यांत आपल्याच भागात काय घडले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रझाकारांनी खेड्यांवर केलेले अत्याचार आपण सांगत आलो, आणि ते सांगावयासच हवेत. परंतु पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने कमीत कमी अंदाज म्हणून सत्तावीस ते चाळीस हजार बळींचा आकडा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे आहेत. हा अहवाल सरकारने अनेक दशके प्रसिद्ध केला नाही. निजाम गेला, राज्य आपले झाले, तरी दप्तर बंदच राहिले! ज्यांची माणसे गेली त्यांना सरकारदरबारी काय लिहिले आहे, हे वाचावयाचाही हक्क मिळाला नाही.

घटना १९५० मध्ये आली. तिने भाषणाचे, सभेचे, संघटनेचे स्वातंत्र्य दिले. परंतु पाळतीविषयी ती स्पष्ट बोलत नव्हती. पाळत नेहमी दुबळ्यापासून सुरू होते. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, आणि पुढे पारध्यांसारख्या जमातींच्या माणसांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशयाची सवय मात्र रद्द झाली नाही. उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाच्या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपावरून पकडले होते. पुरावा नव्हता म्हणून सोडले. तरी त्याच्या नावाची पोलिसांत फाईल उघडली गेली. रात्री-अपरात्री शिपाई येऊन दार ठोठावीत. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी बेकायदा ठरवल्या. पण खाजगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही, असेही बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळे मत लिहिले.

पुढे १९७५ ची आणीबाणी आली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही, असा निर्णय दिला. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे ह. रा. खन्ना विरुद्ध गेले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि १९७६ चा तो निर्णयही चुकीचा म्हणून मोडीत काढला. खडकसिंगाला जे मिळाले नाही ते पंचावन्न वर्षांनी देशाला मिळाले.

आता कोणी म्हणेल, ‘ज्याने काही वाईट केले नाही त्याला लपवावयाचे कारण काय?’ या प्रश्नाला मी अनुभवाने उत्तर देतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही संघटना बांधत होतो. ऐंशी कामगारांपैकी त्रेचाळीस जणांनी सह्या आणि अंगठे दिले. वही एका माणसाच्या घरी, धान्याच्या कणगीमागे ठेवलेली असे. संघटनेला कायदेशीर मान्यता हवी तर सभासद दाखवावे लागतात. म्हणून यादी बाहेर काढली. आठवड्याभरात ती मालकाच्या टेबलावर गेली. पुढच्या पगाराला सात जणांना ‘उद्यापासून काम नाही’ असे सांगण्यात आले. त्यांतल्या एक बाई माझ्याकडे आल्या. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुम्ही तर म्हणला होता, नाव कुटं जाणार न्हाई म्हणून.’’ त्या वाक्याला मजजवळ आजही उत्तर नाही. त्या बाईंनी कोणतेही वाईट काम केले नव्हते. त्यांनी फक्त एका वहीवर अंगठा उठवला होता.

अमेरिकेत हाच प्रश्न उठला. १९३६ पासून तेथील सिनेटच्या ला फॉलेट समितीने चौकशी केली, तेव्हा बड्या कंपन्या कामगार संघटनांत पगारी हेर पेरत होत्या, हे उघड झाले. पुढे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एका संघटनेकडे अलाबामा राज्याने सभासदांची यादी मागितली. १९५८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती देण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले. कारण नावे उघड झाली तर माणसे नोकरीला आणि जिवाला मुकतात, आणि मग संघटनेचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. आमच्या कणगीमागच्या वहीचे मर्म या निकालात आहे.

आज वही जाऊन यंत्र आले आहे. आधारचा पहिला क्रमांक २०१० च्या सप्टेंबरात आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. गरिबाला ओळख मिळाली, याचे मोल मी कमी मानत नाही. पण पोती उचलून, सिमेंट कालवून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा ठसा रेशन दुकानाच्या यंत्रावर उमटत नाही, हेही मी पाहिले आहे. यंत्राला माणूस ओळखू येत नाही, आणि अपराध मात्र माणसाचा ठरतो.

दुसऱ्या बाजूला, दप्तर उघडण्याची लढाईही मजुरांनीच लढली. राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने १९९० नंतर सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले दाखवा, अशी मागणी केली. त्यातून आणि महाराष्ट्रातील आंदोलनातून २००५ चा माहिती अधिकार कायदा उभा राहिला. पण २०२३ मध्ये नागरिकांची माहिती जपण्यासाठी जो कायदा झाला, त्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले. सार्वजनिक कामाशी संबंध असलेली माहिती मिळवण्याची जी वाट त्या कलमातच होती, ती काढून टाकली गेली. जनहितासाठी माहिती देण्याची दुसरी तरतूद कायद्यात आहे; तरी हजेरीपटावरची खोटी नावे शोधणाऱ्याला ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर देणे सोपे झाले. नागरिकाच्या घरासाठी शिवलेला पडदा कचेरीच्या खिडकीला लावण्यासारखे हे आहे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे : राज्याचे दप्तर उघडे असावे आणि नागरिकाची वही झाकलेली असावी. जेथे याच्या उलट असते, तेथे सिंहासनावर निजाम असो की आपण निवडून दिलेला माणूस, गश्ती निशान ५३ चालूच आहे असे समजावे.

हे ओळखण्यास मोठे शिक्षण लागत नाही. कोणतेही सरकार, कोणताही मालक, आणि आमच्यासारखा संघटनेचा कार्यकर्तासुद्धा आपले नाव मागू लागला, तर तीन गोष्टी विचाराव्यात. नाव कशासाठी हवे? ते कोण पाहणार? आणि तुमचा हिशेब आम्हाला कधी दाखवणार? त्या सात जणांच्या वतीने हे प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर आजची संध्याकाळ कारणी लागली, असे मी समजेन.