मादोरुबागन : वाचकांचा प्रतिसाद

पेरुमाळ मुरुगन (जन्म 1966) यांची तमिळ कादंबरी. नागरकोविलच्या कालच्चुवडु प्रकाशनाने ती 2010 मध्ये काढली. शीर्षकाचा अर्थ ‘अर्धे अंग स्त्रीचे असलेला’, म्हणजे तिरुचेंगोडच्या डोंगरावरचा अर्धनारीश्वर.

कथा स्वातंत्र्यापूर्वीच्या कोंगू मुलखातली. काळी (हे नाव नवऱ्याचे) आणि पोन्ना या शेतकरी जोडप्याचा संसार सुखाचा, पण लग्नाला बारा वर्षे होऊनही मूल नाही. नवससायास, भावकीचे टोमणे, दुसऱ्या लग्नाची कुजबुज हे सारे आपल्याकडच्या कुठल्याही गावात घडावे तसेच. तिरुचेंगोडच्या रथोत्सवातल्या एका रात्री भेटणारा परका पुरुष देवच मानायचा, मूल नसलेल्या बाईने तेव्हा तेथे जावे, हा घरच्यांचा तोडगा. काळीला तो मान्य नाही. मेहुणा त्याला दारू प्यायला दूर नेतो. नवऱ्याची संमती आहे असे समजून पोन्ना जत्रेला जाते. काळी परततो तेव्हा ती घरात नसते. पूवरसूच्या (पारोसा पिंपळाच्या) झाडाखाली त्याला तसाच सोडून कादंबरी थांबते.

पहिली चार वर्षे पुस्तक शांतपणे वाचले गेले. वाचक लेखकाला गाठून विचारत, ते काळीबद्दल : त्याने जीव दिला की काय? नियोगाच्या महाभारतातल्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला प्रथेचा धक्का कमी बसेल. शेवट मात्र त्यालाही छळेल. मुरुगन यांनी 2014 मध्ये या प्रश्नाला दोन उत्तरे दिली. ‘आलवायन’मध्ये काळीने गळफास घेतला आहे, ‘अर्धनारि’मध्ये तो वाचतो आणि पोन्नाशी अबोला धरतो. वाचकांच्या हट्टापायी एका कादंबरीचे दोन परस्परविरोधी उत्तरार्ध लिहिले जाणे हा प्रकार दुर्मीळच.

दुसरा प्रतिसाद बहुतांशी पुस्तक न वाचलेल्यांचा. 2013 मध्ये अनिरुद्धन वासुदेवन यांचा इंग्रजी अनुवाद आला होता. 2014 च्या डिसेंबरात निवडक पानांच्या झेरॉक्स प्रती तिरुचेंगोडमध्ये वाटल्या गेल्या, पुस्तक जाळले गेले, पुढे गावही बंद राहिले. देवस्थानाची आणि तिथल्या बायकांची बदनामी झाली, हा आक्षेप. नंदनमच्या मैदानात चेन्नईची पुस्तक जत्रा भरली असताना 12 जानेवारी 2015 रोजी नामक्कलला अधिकाऱ्यांनी ‘शांतता बैठक’ घेतली. तीत मुरुगन यांच्याकडून बिनशर्त माफी लिहून घेण्यात आली. त्यानंतर त्यांनी फेसबुकवर आपल्यातला लेखक मेल्याचे जाहीर केले. 2009 मध्ये ‘संतसूर्य तुकाराम’ मागे घेऊन संमेलनाचे अध्यक्षपद सोडणारे आनंद यादव मराठी वाचकाला येथे आठवतीलच.

5 जुलै 2016 रोजी मद्रास उच्च न्यायालयाने (मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्या. पुष्पा सत्यनारायण) ती माफी लेखकावर बंधनकारक नाही असे ठरवले, पुस्तकावरच्या तक्रारी फेटाळल्या आणि मुरुगन यांना पुन्हा लिहायला सांगितले. ते त्याच वर्षी कवितासंग्रह घेऊन परतले.

दोन्ही उत्तरार्ध 2018 मध्ये इंग्रजीतही आले. त्यांतला कोणताही आधी वाचला तरी चालतो. मूळ कादंबरी मात्र पहिली वाचावी आणि संपल्यावर दुसरे पुस्तक लगेच उघडू नये.