पहिले यंत्र कोणते घ्यावे? एडिंबराचा एक तरुण आणि त्याचा लेथ

सन १८३१. तेवीस वर्षांचा एक तरुण लंडनहून स्कॉटलंडच्या लीथ बंदराकडे निघाला आहे. त्याच्या सामानात बिडाचे काही जडजूड ओतीव तुकडे आहेत. ना ते घासलेले, ना छिद्रे पाडलेले, ना एकमेकांत बसणारे. पाहणाऱ्याला ते भंगारच वाटावे. त्या तरुणाच्या मते मात्र त्या तुकड्यांत त्याचा संपूर्ण भावी कारखाना दडलेला होता.

तरुणाचे नाव जेम्स नॅस्मिथ. पुढे वाफेच्या हातोड्यामुळे जगाला ठाऊक झालेला अभियंता. या धाग्याचा विषय मात्र तो हातोडा नाही. त्याच्या आठ वर्षे आधी नॅस्मिथपुढे जो प्रश्न उभा होता, तो आहे: जागा लहान, पैसा थोडा, यंत्र एकच घेता येईल, तर पहिले कोणते?

घरामागच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या गॅरेजात छोटे वर्कशॉप थाटू पाहणारा प्रत्येक जण आजही याच प्रश्नाशी अडतो. लेथ घ्यावा की ड्रिलिंग मशीन? वेल्डिंगचा संच की मिलिंग? या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाटतो त्याहून रंजक आहे.

आधी नॅस्मिथचे घर पाहू. वडील अलेक्झांडर नॅस्मिथ हे नामवंत चित्रकार. कवी रॉबर्ट बर्न्सचे सर्वांत परिचित व्यक्तिचित्र त्यांच्याच हातचे. परंतु या चित्रकाराला यंत्रांचाही नाद होता आणि एडिंबरातील त्यांच्या घरात हत्यारांची एक खोली होती. त्या खोलीत पायाने चालवायचा एक लेथ होता. शाळकरी जेम्स त्यावर मित्रांसाठी भोवरे कातून देई.

आपल्याकडे सावंतवाडीचे कातारी लाकडी भोवरे आणि खेळणी याच तत्त्वावर घडवत आले आहेत. वस्तू स्वतःभोवती फिरते, हत्यार जागेवर राहते, आणि जे उतरते ते आपोआप गोल होते. लेथचे सारे रहस्य एवढेच. लाकूड असो वा पोलाद, त्यात फरक पडतो तो ताकदीचा आणि अचूकतेचा.

थोडा मोठा झाल्यावर जेम्सने आपल्या निजायच्या खोलीतच छोटी भट्टी मांडली आणि रात्री तेथे पितळ ओतू लागला. खाली वडिलांची खोली होती. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून साच्यातली वाळू बेताने ठोकावी लागे. वडिलांचे रंग घोटण्यासाठी त्याने एक छोटे वाफेचे इंजिनही केले. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘होम वर्कशॉप’ हा प्रकार या मुलाला नवा नव्हता.

१८२९ साली तो लंडनला हेन्री मॉड्सलेकडे गेला. इंग्लंडमधील यंत्रनिर्मितीचे ते सर्वांत मोठे गुरुकुल होते. मॉड्सलेने शिकाऊ मुले घेणे बंद केले होते, तरी या तरुणाने सोबत आणलेले इंजिनाचे प्रतिरूप आणि नकाशे पाहून त्याने जेम्सला आपल्या खासगी कामाच्या खोलीत मदतनीस म्हणून ठेवून घेतले. आठवड्याला दहा शिलिंग पगार.

मॉड्सलेचे नाव घेतले की त्याचा १८००च्या सुमाराचा आटे पाडणारा लेथ आठवतो. पूर्वी कारागीर छिन्नीसारखे हत्यार हातात धरून धातू कातत असे. हात थरथरला की काम बिघडले. मॉड्सलेच्या लेथमध्ये हत्यार एका सरकत्या बैठकीत पक्के धरलेले असे आणि एक लांब मळसूत्र ती बैठक ठरावीक गतीने पुढे ढकलत असे. कारागिराच्या हातातली अचूकता येथे यंत्रात उतरली. अशी बैठक सर्वप्रथम मॉड्सलेनेच शोधली, असे पुष्कळ पुस्तकांत वाचायला मिळते. ते खरे नाही. फ्रान्समध्ये वोकान्सोनच्या लेथवर ती त्याआधीच होती. हे श्रेय रूढ होण्यात खुद्द नॅस्मिथच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. गुरुभक्तीने लिहिलेला इतिहास थोडा चाळूनच घ्यावा लागतो. मॉड्सलेचे खरे मोठेपण निराळे आहे: त्याने ही रचना कारखान्यातल्या रोजच्या कामाला पेलेल इतकी भक्कम आणि नेमकी केली.

फेब्रुवारी १८३१ मध्ये मॉड्सले वारला. हातातली कामे संपेपर्यंत नॅस्मिथ तेथेच राहिला आणि मग स्वतंत्र धंदा करण्याचे ठरवून निरोप घेऊ लागला. या निरोपाच्या वेळीच तो निर्णय झाला. कारखान्याचे भागीदार जोशुआ फील्ड यांच्याकडे त्याने एकच सवलत मागितली: तेथल्या एका उत्तम लेथचे ओतीव भाग मिळावेत. तयार लेथ त्याने मागितला नाही, नुसते बिडाचे भाग मागितले. घासून, जुळवून यंत्र तो स्वतः उभे करणार होता.

लेथच का? त्याला काही केवळ गोल वस्तू विकायच्या नव्हत्या. त्याच्या आत्मचरित्रात या निवडीमागचा हिशेब स्पष्ट येतो. या एका यंत्रापासून पुढे सपाटीकरणाची यंत्रे, आटे पाडणारे लेथ आणि इतर हत्यारे अशी सारी संतती जन्माला घालायची, हा त्याचा बेत होता. पहिल्या यंत्राची निवड त्याने पहिल्या गिऱ्हाईकाकडे पाहून केली नाही. ती दुसऱ्या यंत्राकडे पाहून केली.

हा हिशेब नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. कोणतेही यंत्र सुटे केले तर त्यात काय निघते? आस, पुली, बेअरिंग, मळसूत्रे, दांडे. यांतले बहुतेक भाग गोल, आणि गोल भाग लेथवर होतो. लेथ छिद्रही पाडतो, छिद्र आतून मोठेही करतो, आटेही कापतो. ड्रिलिंग मशीनचा खांब लेथवर कातता येतो. लेथचा आस ड्रिलिंग मशीनवर कातता येत नाही. या एका वाक्यात दोघांचे नाते आले.

तरीही लेथला एक मोठी अडचण आहे, आणि कौतुकाच्या भरात ती विसरली जाते. लेथची बैठक सपाट आणि सरळ हवी. ती सपाटी लेथवर सहजी होत नाही. नॅस्मिथच्या लहानपणी हे काम छिन्नी, हातोडा आणि कानस घेऊन हातानेच होई. दिवसच्या दिवस जात, आणि सपाट पृष्ठभाग ही अत्यंत महाग वस्तू ठरे. लोखंडाला रंधा मारणारे यंत्र, म्हणजे प्लेनिंग मशीन, नुकतेच कोठे अवतरले होते; मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सने १८१७ साली केलेले तसे यंत्र आजही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. म्हणून एडिंबरात तात्पुरती जागा घेऊन लेथ उभा करताच नॅस्मिथने त्यावर दुसरे यंत्र घडवायला घेतले, ते प्लेनिंग मशीन. साधारण तीन फूट लांब आणि वीस इंच रुंद पृष्ठभाग त्यावर सपाट होई. गोल आणि सपाट हे दोन आकार हाती आल्यावर ड्रिलिंगची, बोअरिंगची यंत्रे भराभर झाली. थोड्याच काळात त्या लहान जागेत वळायला वाट उरली नाही. सोबतीला आर्ची टॉरी नावाचा एक मदतनीस होता. खर्च भागवण्यासाठी बाहेरची कामे घ्यावी लागत, तीही तो घेत होता.

ही कथा ‘एका लेथवर कारखाना उभा केला’ अशी सांगितली जाते. ती खोटी नाही, अपुरी आहे. त्या लेथच्या बिडात मॉड्सलेच्या ओतशाळेचे वीस-तीस वर्षांचे ज्ञान ओतलेले होते. साचे तिथले, प्रमाणे तिथली. फील्डने ‘नाही’ म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य करावा. पहिले यंत्र कोणालाच शून्यातून मिळत नाही. ते कोणाच्या तरी आधीच्या यंत्रातून आलेले असते.

१८३४ साली हा सारा परिवार घेऊन नॅस्मिथ मँचेस्टरला गेला. हातात रोख अवघे ६३ पौंड होते. डेल स्ट्रीटवरील एका जुन्या गिरणीतला एक मजला त्याने भाड्याने घेतला. कामे वाढली, यंत्रे वाढली, आणि वजनही वाढले. खालच्या मजल्यावर काचेवर नक्षी कापणारा एक भाडेकरू होता. एके दिवशी वर उभ्या होत असलेल्या इंजिनाच्या भल्या मोठ्या तुळईचे टोक जमीन फोडून थेट त्याच्या काचसामानावर उतरले. मालकाकडे तक्रार गेली, आणि नॅस्मिथला जमिनीवरची जागा शोधणे भाग पडले. पॅट्रिक्रॉफ्टचा प्रसिद्ध कारखाना जन्माला आला तो असा. यंत्र घेण्याआधी जमिनीची ताकद पाहावी, हे अनेकांना अशाच रीतीने कळले असावे!

आता सत्तर वर्षे पुढे आणि अटलांटिक ओलांडून जाऊ. अमेरिकेतील ओहायो राज्यातले डेटन शहर, वेस्ट थर्ड स्ट्रीट, राईट बंधूंचे सायकलीचे दुकान. १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बनवू लागले होते आणि चाकाचे हबसुद्धा स्वतः घडवत. त्यासाठी दुकानात एक लेथ होता, एक ड्रिलिंग मशीन होते, आणि छपराखालच्या दांड्यावरून पट्ट्यांनी ती चालवणारे, त्यांनीच बनवलेले एक गॅस इंजिन होते. विमान कोणाच्याही मनात नसताना, सायकलींसाठी उभी राहिलेली ही सामग्री.

१९०२च्या अखेरीस ग्लायडर यशस्वी झाला आणि हलके, पुरेशा ताकदीचे इंजिन हवे झाले. मोटार बनवणाऱ्या कंपन्यांना पत्रे गेली. हवे तसे इंजिन कोणाकडूनही मिळाले नाही. उरला एकच मार्ग. दुकानातला कारागीर चार्ली टेलर कामाला लागला. ॲल्युमिनियमचा सांगाडा बाहेरच्या ओतशाळेतून ओतून आणला, बाकी जवळपास सारे त्या दोन यंत्रांवर झाले.

सर्वांत अवघड भाग होता क्रँकशाफ्ट. सुमारे शंभर पौंडांची पोलादाची लादी घेतली. तिच्यावर आकार रेखला, रेषेलगत ड्रिलने छिद्रांची माळ पाडली, आणि नको तेवढे पोलाद छिन्नी-हातोड्याने तोडून टाकले. मग तो वेडावाकडा तुकडा लेथवर चढला. काम संपले तेव्हा त्याचे वजन १९ पौंड होते. सहा आठवड्यांत इंजिन तयार झाले आणि त्याच वर्षी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, ते किटी हॉकच्या वाळूवरून हवेत गेले. त्या दुकानात लेथऐवजी दुसरे एखादे यंत्र असते तर? निदान तो क्रँकशाफ्ट तेथे झाला नसता.

सायकलीचे दुकान म्हटले की मराठी वाचकाला बेळगाव आठवणारच. किर्लोस्कर ब्रदर्स आपला जन्म १८८८ सालच्या तेथल्या सायकल व्यवसायात मानतात. राईट बंधूंनी दुकान काढले ते त्यानंतर चार वर्षांनी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, रंगांधत्वामुळे यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. चित्रकाराच्या घरातून निघालेला नॅस्मिथ आणि हे, दोघांची वाट काही अंतर समांतर जाते. सायकलीनंतर कडबा कापायचे यंत्र, लोखंडी नांगर, १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचा दुवा मात्र कमी सांगितला जातो. १९४१ साली या घराण्याने हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी काढली, ती यंत्रे बनवणारी यंत्रे बनवण्यासाठी, आणि तिचे नाव झाले ते लेथमुळे. स्वतंत्र भारत सरकारने १९५३ साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स उभारली, तेव्हाही पहिले उत्पादन लेथच होते. देशापुढचा प्रश्न नॅस्मिथच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नव्हता.

अर्थात ‘आधी लेथ’ हे काही वेदवाक्य नव्हे. ज्याला मोटारसायकली दुरुस्त करायच्या आहेत, त्याचे काम कॉम्प्रेसर आणि वेल्डिंगवर चालते; सुताराला लेथआधी करवत हवी. नॅस्मिथचे उत्तर त्यालाच लागू पडते ज्याला वस्तूंबरोबर हत्यारेही घडवायची आहेत.

असे लोक पुढेही निपजत राहिले. १९८०च्या दशकात अमेरिकेतील डेव्हिड गिंजरी यांनी भंगारातून घरच्या घरी धातुकामाचे वर्कशॉप कसे उभारावे यावर सात छोटी पुस्तके लिहिली. पहिले पुस्तक कोळशाच्या भट्टीवर आहे, ॲल्युमिनियम ओतण्यासाठी. दुसरे लेथवर. तिसरे शेपरवर, म्हणजे छोटे पृष्ठभाग सपाट करणाऱ्या यंत्रावर. त्याचा एक आरंभीचा नमुना १८३६ साली नॅस्मिथनेच बनवला होता. ड्रिलिंग मशीनचा क्रमांक थेट पाचवा. आधी भट्टी, मग लेथ, मग सपाटी करणारे यंत्र: एडिंबरातल्या निजायच्या खोलीपासून सुरू झालेला क्रम तसाच्या तसा.