ज्येष्ठतेच्या यादीतून खासगी जेटकडे

विमानकंपनीची नोकरी सोडून उद्योगपतींची खासगी जेट उडवायला गेलेल्या अमेरिकी वैमानिकांविषयी दोन समज प्रचलित आहेत. एक, ते पैशाला भुलले. दुसरा, मोठ्या विमानांत त्यांचा निभाव लागला नसावा. दोन्ही समज परस्परविरोधी असले तरी दोन्हीही उत्तर माणसाच्या स्वभावात शोधतात. गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास तपासला की उत्तर फार रुक्ष ठिकाणी सापडते. विमानकंपन्यांच्या कचेरीत टांगलेली ज्येष्ठतेची यादी आणि 1960 साली लागू झालेला निवृत्तीच्या वयाचा नियम, या दोन गोष्टींनी वैमानिकांना खासगी जेटच्या दाराशी नेऊन सोडले. बाकीची कारणे आहेत, पण ती दुय्यम आहेत.

मुळात खासगी उड्डाणाला विमानकंपन्यांच्या वैमानिकांची गरजच नव्हती. 1930 साली जिमी डूलिटल सैन्यातून शेल कंपनीत आले ते तिचा विमानविभाग सांभाळायला. टेक्साकोकडे फ्रँक हॉक्स होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याची शिलकी डकोटा विमाने स्वस्तात विकली गेली. ती कंपन्यांनी घेतली, आत गुबगुबीत खुर्च्या बसवल्या आणि युद्धातूनच परतलेले वैमानिक नोकरीला ठेवले. हा ‘कंपनीचा पायलट’ इंधन भरून घ्यायचा, साहेबांच्या बॅगा चढवायचा आणि बैठक संपेपर्यंत धावपट्टीशेजारी ताटकळत बसायचा. जेट आले तरी चित्र लगेच बदलले नाही. 1963 साली चार्ल्स लिंडबर्ग यांनी फ्रान्समध्ये दासोचे मिस्तेर-20 विमान पाहिले, त्यांच्या शिफारशीवरून पॅन अॅमने चाळीस विमानांची मागणी नोंदवली आणि ‘फाल्कन’ या नावाने ती अमेरिकेत विकायला काढली. म्हणजे जगातली सर्वांत रुबाबदार विमानकंपनी स्वतःच खासगी जेटची विक्रेती झाली, आणि तिचे कॅप्टन मात्र आपल्या 707 मध्ये खुशाल बसून राहिले. 1964 साली एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन ही जेट भाड्याने देणारी कंपनी निघाली, तीही हवाई दलातल्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक पॉल टिबेट्स पुढे तिचे अध्यक्ष झाले. विमानकंपनीच्या कॅप्टनने तिकडे जावे तरी कशाला? मार्ग आणि भाडी सरकारी मंडळ ठरवत होते, स्पर्धा बेताची होती, आणि अडचणीत आलेली कंपनी सहसा बुडण्याआधी दुसरीत विलीन व्हायची.

ही सुरक्षितता ज्या यादीवर उभी होती तिचा जन्म मात्र असुरक्षिततेतून झाला होता. टपाल नेणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांत वादळात उडायला नकार देणाऱ्याची नोकरी जाई आणि वरिष्ठांच्या मर्जीतल्याला बढती मिळे. 1931 साली डेव्हिड बेन्की यांच्या नेतृत्वाखाली वैमानिकांची संघटना उभी राहिली. 1936 साली विमानकंपन्या रेल्वेच्या कामगार कायद्याखाली आल्या. रेल्वेत मुरलेले ज्येष्ठतेचे तत्त्व वैमानिकांच्या करारांतही पक्के झाले. कोणते विमान, डावी खुर्ची की उजवी, कोणते शहर, दिवाळीची म्हणा की नाताळची सुट्टी, मंदीत आधी कोणाला घरी बसवायचे, सगळे नोकरीला लागल्याच्या तारखेवरून ठरू लागले. मर्जीचा कारभार संपला, हे या यादीचे मोठेच श्रेय. पण यादी एका कंपनीपुरती होती. आंतरजिल्हा बदली घेतलेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला हे समजावून सांगावे लागणार नाही: नव्या जिल्ह्यात त्याचे नाव तळाला जाते. फरक इतकाच की शिक्षकाचा पगार सहसा टिकतो. वीस वर्षे नोकरी झालेला कॅप्टन दुसऱ्या विमानकंपनीत गेला तर तो नवशिक्या सहवैमानिकाच्या पगारावर, कालच भरती झालेल्या पोराच्या खाली बसायचा.

कंपन्या टिकून होत्या तोवर हा दोष झाकलेला राहिला. 1978 साली अमेरिकेने विमानवाहतूक सरकारी नियंत्रणातून मोकळी केली आणि चार वर्षांत त्याची झळ दिसली. 12 मे 1982 रोजी ब्रॅनिफने उड्डाणे थांबवली. 1983 साली कॉन्टिनेन्टलने दिवाळखोरीचा आसरा घेऊन वैमानिकांचे करार मोडले. 1991च्या जानेवारीत ईस्टर्न बंद पडली, डिसेंबरात पॅन अॅम. ऐन पंचेचाळिशी-पन्नाशीतले, हजारो तासांचा अनुभव असलेले कॅप्टन रस्त्यावर आले आणि दुसऱ्या कोणत्याही मोठ्या कंपनीत त्यांना जागा होती ती फक्त यादीच्या शेवटी. त्यांच्या वर्षांना वर्षे म्हणून किंमत देणारी एक जागा होती, खासगी विमानविभाग. नेमका याच सुमारास त्या व्यवसायाचा विस्तारही झाला. 1984 साली रिचर्ड सँटुली यांनी एक्झिक्युटिव्ह जेट विकत घेतली आणि 1986 साली नेटजेट्सची योजना आणली: अख्खे विमान घेण्याऐवजी त्याचा आठवा किंवा सोळावा हिस्सा घ्यायचा आणि तेवढे तास उडायचे. विमान दिवसभर फिरते ठेवायचे तर त्यामागे वैमानिकांच्या अनेक जोड्या लागतात. वॉरन बफे आधी या योजनेचे ग्राहक झाले आणि 1998 साली त्यांच्या बर्कशायर हॅथवेने 72.5 कोटी डॉलरना कंपनीच घेतली. 2001 साली टीडब्ल्यूए अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली तेव्हा तिच्या कित्येक वैमानिकांना एकत्रित यादीत तळ दाखवला गेला. विलीनीकरणही संरक्षण देत नाही, हा धडा त्यातून सगळ्यांनीच घेतला.

दुसरी ढकल वयाची. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी 1959 साली विमानवाहतूक प्रशासनाचे प्रमुख एलवुड केसाडा यांच्याकडे आपल्या वैमानिकांना साठीत निवृत्त करण्यासाठी मदत मागितली. मार्च 1960 पासून साठीचा नियम सगळ्याच विमानकंपन्यांना लागू झाला आणि पुढे केसाडा त्याच अमेरिकन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावर बसले. नियमाला वैद्यकशास्त्राचा आधार सांगितला जाई, परंतु खासगी जेटच्या वैमानिकाला तो लागू नव्हता. त्यामुळे साठ पूर्ण झालेला 747चा कॅप्टन दुसऱ्या दिवशी कायदेशीरपणे एखाद्या उद्योगपतीला घेऊन अटलांटिक ओलांडू शकत होता. तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला जो हात म्हातारा, तोच धनिकाला अनुभवी! ही मर्यादा 2007च्या डिसेंबरात पासष्टवर गेली.

यावर पहिला आक्षेप अर्थातच पैशाचा. अलीकडे मोठ्या जेटच्या वैमानिकांचे पगार डोळे दिपवणारे असतात, हे खरे. मात्र बड्या विमानकंपनीत यादीच्या वरच्या टोकाला पोचलेल्या कॅप्टनची कमाई, त्याला मिळणारे हक्काचे वेळापत्रक आणि निवृत्तिवेतन यांना सर्वसाधारण खासगी नोकरी क्वचितच गाठू शकली. म्हणून वरच्या टोकाचे लोक आपणहून फारसे हललेच नाहीत. 2021-22 साली तर प्रवाह उलटा वाहिला. कोविडच्या काळात विमानकंपन्यांनी ज्येष्ठांना स्वेच्छानिवृत्ती देऊन यादीचा माथा रिकामा केला होता. आता तळाला लागलेला माणूस भराभर वर चढणार हे दिसताच खासगी जेटचे वैमानिक विमानकंपन्यांकडे धावले. पैसा दोन्हीकडे होता. यादीतली चढण पालटली होती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अनुभव जर खरोखर सोबत नेता येतो, तर खासगी जेटचे अपघात का होतात? मार्च 2001 मध्ये अॅस्पेनच्या डोंगरी विमानतळावर भाड्याचे गल्फस्ट्रीम जेट कोसळून 18 जण गेले. रात्री उतरायला बंदी होती, उशीर झाला होता, आणि ग्राहकाचा दबाव कॅप्टनवर होता असे चौकशीत निघाले. मे 2014 मध्ये अमेरिकेतल्याच बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम नियंत्रणे कुलूपबंद असतानाच धावपट्टीवर धावले. सातही जण ठार झाले. त्या जोडीने आधीच्या 175 पैकी 98 टक्के उड्डाणांआधी नियंत्रणांची पूर्ण तपासणी केलीच नव्हती. आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. विमानकंपनीत उड्डाणाची जबाबदारी जमिनीवरचा डिस्पॅचरही वाटून घेतो, सहवैमानिक रोज बदलतो, उपकरणांतल्या नोंदी कोणीतरी वाचत असते. कॅप्टन बाहेर पडताना कौशल्य बरोबर नेतो. ही पहारेकऱ्यांची साखळी मागेच राहते. त्यातून स्थलांतराचे कारण बदलत नाही, त्याची किंमत मात्र कळते.

भारताचे उदाहरण ताडून पाहण्यासारखे आहे. 1953 साली आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि जवळजवळ चाळीस वर्षे नियमित सेवेत सरकारखेरीज मालकच उरला नाही. खासगी कंपन्या आल्या त्या ‘एअर टॅक्सी’च्या परवान्यावर, आणि 1994 साली सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द होईपर्यंत त्यांनी सरकारी कंपनीतले वैमानिक मोठ्या प्रमाणावर ओढले. किंगफिशर ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली. मुंबईच्या जेट एअरवेजचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019च्या रात्री अमृतसरहून मुंबईला यायला निघाले. पण वाढत्या कंपन्यांना कॅप्टन हवे होते, म्हणून जेट एअरवेजचे कॅप्टन इतरत्र थेट कॅप्टन म्हणून घेतले गेले. यादी सैल होती तिथे खासगी जेटवाचून त्यांचे अडले नाही. आपल्याकडे खासगी जेटची संख्या कमी, हेही एक कारण आहेच. तरी दार उघडे असताना माणसे दुसऱ्या विमानकंपनीतच गेली, हे महत्त्वाचे. आज देशांतर्गत बाजार प्रामुख्याने दोन समूहांच्या हाती आहे. त्यांची वाढ मंदावली की इथल्या याद्याही अमेरिकेसारख्या घट्ट होतील. आपल्या नियामकाने 2017 साली एकच उपाय केला: कॅप्टनला नोकरी सोडण्याआधी सहा महिन्यांऐवजी वर्षभराची नोटीस द्यायला लावली. कंपनी बुडाल्यावर वैमानिकाच्या सेवावर्षांचे काय करायचे, या प्रश्नाला त्या नियमाने हातही लावलेला नाही.